भैयालालची लाल रेघ

धरणाच्या दारांवर एकतीस वर्षं काम करून भैयालाल रिटायर झाला, तरी गावाच्या लेखी तो गेटवाले काकाच राहिला. मोठा पूर ओसरला त्या सकाळी, पाणी जिथवर चढलं होतं तिथे, आपल्या भिंतीवर त्यानेच ऑइलपेंटची लाल रेघ ओढली होती. बाकीच्यांची घरं पडली, नवी झाली. पुराची खूण उरली ती एवढीच.

यंदा त्या जुन्या वीज-धरणाची तपासणी करायला बालाघाटहून श्रुतिका मॅडम आल्या. तसाच पूर पुन्हा आला तर दारं पुरतील की पाणी धरणावरून जाईल, हे त्यांना ठरवायचं होतं. रेघेची उंची मोजायला जावई विवेकने हौसेने टेपचं टोक धरलं.

"गेटवाल्याच्या हातची खूण, म्हणजे भरवशाची," मॅडम आकडा लिहीत म्हणाल्या. "या हिशेबाने तर दारं पुरतील."

भैयालालला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रेघ खोटी होती. चार वर्षांपूर्वी विवेकचे लोक किरनापूरहून भैयालालच्या पोरीला, राखीला, पाहायला येणार होते. विवेक इथंच दुकान टाकून घर बांधणार होता. एवढं पाणी चढतं कळल्यावर कोण सोयरीक करील? म्हणून भैयालाल बहाद्दराने आदल्या दिवशी भिंतीला चुना फासला आणि नवी रेघ गुडघ्याशी ओढली. गावाला ठाऊक होतं. पण जमत्या लग्नात मोडता कोण घालणार? सगळ्यांनी पोहे खाल्ले नि तोंडं मिटली. पुढे विवेकने त्याच रेघेवरून माप घेऊन समोरच घराचं जोतं बांधलं, वर हातभर जास्तच.

"मॅडम, तो आकडा खोडा," भैयालाल कसाबसा बोलला. "रेघ म्या खाली आणली." स्टुलावर चढून त्याने विवेकच्या डोक्याच्याही वर हात टेकवला. "पाणी इथवर होतं."

शेजारच्या जिजाबाई दारातूनच म्हणाल्या, "हौ, तिथंच होतं."

मॅडमनी आकडा खोडला.

"काहून, मामाजी?" विवेकने विचारलं.

"पोरीचं लगीन जमावं म्हणून."

जावयाकडे त्याला पाहवेना.  विवेक टेप घेऊन आपल्या घरात गेला, जोत्याची उंची वजा करून त्याने आतल्या जमिनीपासून माप धरलं. तसा पूर आला तर पाणी पाळण्याच्या वर जात होतं. पाळण्यात राखीचं बाळ झोपलं होतं. भैयालाल उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही.