नंदूकाकांची गिटार मी वाळत घातली

नंदूकाकांची गिटार मी उन्हात वाळत घातली. चुकून नव्हे, नीट विचार करून, कुळथाच्या शेजारी.

नंदूकाका माझे धाकटे काका. बत्तीस वर्षं मुंबईत रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवून १९९८ साली ते रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आले. क्लब, हॉटेलं, कॉलेजं, सगळं गाजवून! इथले लोक ते आदराने ऐकून घेत आणि विचारत, "ते झालं हो, पण नोकरी कुठे होती?"

तीन वर्षांनी, पावसाळा सरताच, जुन्या साथीदारांनी मुंबईत शेवटचा एक कार्यक्रम ठरवला. काका पंचविशीतल्यासारखे हसले आणि कुलदेवाला नारळ द्यायला गुहागरला गेले. त्यांच्यामागे मी गिटारची पेटी उघडली. आत हिरवी बुरशी! आमच्या घरात पावसाळ्यानंतर बुरशीवर एकच उपाय : खोबरेल चोळायचं आणि अंगणात ऊन दाखवायचं. (चपलांना चालतं, गिटारला का चालू नये?)

दुपारी आई कुळीथ गोळा करायला गेली.

"काय रे, ही अशीच होती?"

"नाही गो."

"मेल्या, पापडासारखी वाकलीय!"

मी धावत वासू सुताराला आणलं. "होड्यांची लाकडं सरळ करतो मी," तो म्हणाला, "हिचं काय घेऊन बसलात!" त्याने गिटारच्या मानेवर गरम पाणी ओतलं, वर आमचा पाटा ठेवला आणि पाट्यावर स्वतः बसला. कट्‌कन आवाज झाला.

"झाली सरळ," वासू म्हणाला. खोटं नव्हतं. दोन्ही तुकडे अगदी सरळ होते!

संध्याकाळी काका प्रसाद घेऊन आले. मी म्हणालो, "काका, इथली हवा दमट... आपोआपच झालं हो."

काका पायरीवर बसले. एक तुकडा मांडीवर घेऊन म्हणाले, "मुंबईत एवढी वर्षं टिकली रे. घरी येऊन गेली."

कार्यक्रमात त्यांनी उसनी गिटार घेतली, दोन गाणी वाजवली आणि ती खाली ठेवली. पुन्हा कधी हातात धरली नाही. आल्यागेल्याला मात्र सांगत, "इथली हवा वाईट!" दर वेळी मी म्हणे, "हो ना, फारच दमट!" असं सहा वर्षं म्हटलं.

शेवटी एका सकाळी धीर करून मी त्यांच्यासमोर बसलो आणि हळूच म्हणालो, "काका, मला माफ करा."

"काय?"

आयुष्यभर स्पीकरशेजारी उभं राहून तोवर काकांचे दोन्ही कान गेले होते. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं!

"माफ करा!"

"मोठ्याने बोल रे!"

"काका, हवा नव्हती ती! मी होतो! मी मोडली तुमची गिटार! चुकलो मी!"

आळीतल्या खिडक्या उघडल्या. दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारच्या मालूकाकू ओरडल्या, "अरे पुरे! त्यांचं माहीत नाही, आम्ही केलं माफ!"

काकांनी हसून मान डोलावली. ती माफी होती की काहीच ऐकू न आल्याची खूण, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं, तर पुन्हा ओरडावं लागेल.