सर, फाईल उघडत नाही

तालुक्याच्या कार्यालयात मी डेटा ऑपरेटर होतो, तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीताईंनी मुलांची वजनं आपापल्या मोबाईलवरून एकाच ठिकाणी भरावीत, म्हणून मी एक शीट तयार केली आणि लिंक ग्रुपवर टाकली. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. आठवडाभर मी जरा ताठच चालत होतो.

नर्मदाकाठच्या एका पाड्यावरच्या ताईंचा मेसेज आला, ‘सर, फाईल उघडत नाही.’ मी लिहिलं, ॲप अपडेट करा. दोन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज. मी लिहिलं, मेमरी रिकामी करा. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. तो मी मोठा करून पाहिलासुद्धा नाही. सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं, ‘ताई, बाकी सगळ्यांची उघडते. तुमचा फोन जुना झालाय. कारणं सांगत बसू नका.’ खाली दोघी-तिघींनी हसरे चेहरे टाकले. मला ते आवडलं होतं. 

पुढच्या मीटिंगला साहेबांनी त्यांना उभं केलं. घरी त्या पावरी बोलायच्या. मराठीतला एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “सर, वजनं केली आहेत. वहीत लिहिली आहेत.”

“वही कोण बघतं आता?” साहेब म्हणाले.

मी शेजारीच लॅपटॉप उघडून बसलो होतो. 

आठवड्याने त्या माझ्या टेबलापाशी आल्या. आधी होडी, मग जीप. हातात चांगला मोठा फोन होता. “मुलीचा आहे. ती लोणखेड्याला कॉलेजला असते. तिथं जाऊन मागून आणला, माझा तिला दिला. यात माझाच ईमेल टाकला. पण यातही तेच येतं, सर.”

मी फोन हातात घेतला. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं, परवानगी हवी. फोन जुना की नवा, याचा काही संबंधच नव्हता. ज्यांचे ईमेल मी शीटला जोडले होते, त्यांनाच ती उघडायची; त्यासाठी सगळ्यांकडून भरून घेतलेल्या फॉर्ममधून मी त्यांचा काढला. त्यांनी ईमेल सुवाच्य अक्षरात लिहिला होता. शीटमध्ये टाकताना मीच त्यातलं एक अक्षर गाळलं होतं. मग ऑफिसचा मेल उघडला. तो मी क्वचितच बघायचो. परवानगीसाठी त्यांनी पाठवलेल्या विनंत्या तिथं एकाखाली एक पडून होत्या. प्रत्येकीत एक ओळ, ‘सर, कृपया परवानगी द्यावी. मुलांची वजनं तयार आहेत.’

मी अक्षर घातलं. फाईल उघडली.

आणि मी म्हणालो, “बघितलं ना ताई? फोनचाच प्रॉब्लेम होता.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “हो, सर,” म्हणाल्या, आणि तिथंच बाकावर बसून वहीतून एकेक वजन भरत राहिल्या.

घरी हे बायकोला सांगितलं, तेही अर्धवट हसत. ती हसली नाही. “चूक तुमनी शे ना? मंग तिले सांगा ना,” एवढंच म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली. तरी मी महिना घालवला. शेवटी एके दुपारी फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं.

“मला माहीत आहे, सर. तुम्ही अक्षर घातलं तेव्हा मी मागेच उभी होते. मुलीचा फोन दुसऱ्याच दिवशी परत दिला.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, कारणं सांगू नका.”

पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो आणि चूक माझी होती, ताईंची नव्हती, असं सगळ्यांसमोर सांगितलं.  साहेबांनी हात हलवला, “बरं, बरं. पुढचा विषय घ्या.” ताईंनी वर पाहिलं नाही. त्या काहीतरी लिहून घेत होत्या. कबूल केलं की हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. मीटिंग सुटल्यावर मी दाराशी त्यांची वाट पाहत थांबलो. त्या समोरून आल्या, “येते, सर,” म्हणाल्या आणि शेवटची होडी चुकू नये म्हणून भराभर जीपकडे गेल्या.