बॉनेटच्या आतलं नाव

कादर मिस्त्रीला आपलं नाव कुठंतरी उमटलेलं हवं होतं. बास, एवढंच. त्याचे वडील रहिमान चिंचवडला भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून जन्मभर छिन्नीनं नावं घालत राहिले. लग्नसराईत शेकडो मामा-मावश्यांची नावं त्यांनी पितळेवर टिपली, स्वतःचं एका वाटीवरही नाही. पोरगा पत्राकामात शिरला, पण बापाची छिन्नी त्यानं जपून ठेवली.

कादर भोसरीला अर्जुनरावांच्या फाउंड्रीत होता. अर्जुनरावांना शौक जुन्या विलायती मोटारींचा. त्याही उघड्या, दोनच माणसं बसतील अशा. "छप्पर असलेली गाडी म्हणजे टॅक्सी," म्हणायचे. तनखे बंद झाले, संस्थानिक गाड्या विकायला निघाले, तेव्हा त्यांनी चार उचलल्या. पाचवी चाकणच्या एका कांद्याच्या वखारीत सापडली. इंजिन धड होतं, पण बॉनेट आणि पुढचे मडगार्ड गंजून गळून पडलेले.

"होईल का रे, कादर?"

"होईल, साहेब."

"मग लाग कामाला. आपलीच गाडी आहे."

या 'आपली'नंच घात केला. अर्जुनराव 'आपली' म्हणाले ते 'माझी' अशा अर्थानं. कादरनं ऐकलं 'आपल्या दोघांची'. शहाणा माणूस, पण कामाच्या नशेत असले शब्द तपासायचं सुचत नाही.

नमुना म्हणून एक फोटो होता: गाडीला टेकलेले राजेसाहेब. त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवरून कादरनं मडगार्डचं माप धरलं. वाळूच्या गादीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं पाच वर्षं ठोकला. त्या आवाजानं डावा कान बहिरा झाला. शेवटी बॉनेट बसलं, तेव्हा त्यानं ते उलटं केलं आणि आतल्या बाजूला छिन्नीनं टिपलं: कादर, चिंचवड, १९७८.

मुंबईच्या जुन्या मोटारींच्या रॅलीचा अर्ज अर्जुनरावांनी स्वतः भरला. गाडीचा भागन् भाग मूळचा विलायती, असं ठोकून दिलं. परीक्षकानं बॉनेट उघडलं, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "विलायतेत चिंचवड कुठं आलं हो?"

सगळा मांडव हसला. पहिलं बक्षीस गेलं, दुसऱ्या नंबराचा चांदीचा चषक हातात आला.

सोमवारी फाउंड्रीच्या अंगणात माणसं गोळा केली गेली. अर्जुनराव आवाज न चढवता म्हणाले, "कादर, भांड्यावर नाव कुणाचं असतं रे?"

"मालकाचं, साहेब. नाहीतर देणाऱ्याचं."

"मग तू कोण? मालक, की आहेर घेऊन आलेला मामा?"

माणसं हसली. रोज त्याच्या डब्यातलं खाणारा साहेबराव वेल्डर सगळ्यात मोठ्यानं हसला. कादरच्या हातात कानस दिली. त्यानं नाव घासून काढलं, तेही असं सफाईदार की बोट फिरवून अर्जुनराव खूश झाले.

"हात चांगला आहे तुझा," त्यांनी चषक पुढं केला. "आता यावर माझं घाल. उद्या सकाळी आण."

संध्याकाळी चषक बघून खैरुन्निसा, त्याची बायको, उंबऱ्यातच थबकली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"नाव दिसलं का लोकांना?"

"दिसलं. परीक्षकानं वाचलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. सगळ्यांसमोर."

एकही शब्द खोटा नव्हता. तिनं ताबडतोब शेजारी साखर वाटली. शेजारच्या मंजुळाबाईंना चषक बघायला घेऊन आली, तेव्हा कादर छिन्नी घेऊन बसला होता. दोघी त्याच्याजवळ टेकल्या. नवऱ्याचं नाव तीन अक्षरांचं, एवढं खैरुन्निसाला ठाऊक होतं. ती बोटांवर मोजत होती. एक. दोन. तीन.

छिन्नी थांबली नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं नाव एवढं लांब कधी झालं?"

कादरचा उजवा कान शाबूत होता, आणि ती त्याच बाजूला बसली होती. त्यानं मान वर केली नाही. पाचवं अक्षर टिपायचं होतं.