आमचा अव्या आणि त्याचं ‘म्युझिक’

अव्याचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. घरात जुन्या वायरी साचतात, तसे ते साचले. एक ओढायला जावं तर गुंता हातात येतो! त्याच्या तेरवीला पंगतीत बसलो, तर भात वाढेपर्यंत डावीकडच्याचे दोन आणि उजवीकडच्याचे तीन किस्से ऐकून झाले होते. सगळे वैतागलेले. कोणी उठायला तयार नाही.

अव्या म्हणजे अविनाश. माझा शाळेपासूनचा दोस्त, शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या एका स्पंज आयर्न प्लांटमध्ये फिटर. ड्युटीवरून आला की ‘म्युझिक’ करायचा. आता हे म्युझिक म्हणजे टेबल फॅन, पत्रा, बिघडलेला रेडिओ आणि ढीगभर वायरी. त्यात गाणं शोधायचं नाही. मी एकदा शोधलं, डोकं धरून बसलो.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. लग्न, बर्थडे, भागवत सप्ताह. म्हणजे त्याला लागणारे माईक आणि स्पीकर कोणाकडून जायचे, ते सांगायला नको!

* * *

बहिणीचं लग्न ठरलं होतं. रुखवताची पितळी भांडी घ्यायला गोल बाजारात गेलो. धातूतलं कळतं म्हणून अव्याला सोबत नेलं. इथंच चुकलो.

त्यानं एक चमचा उचलला आणि एकेक भांडं वाजवत सुटला. दुकानदार आधी खूष, म्हणे पारखी गिऱ्हाईक आलं. तासाभरानं त्याचा चेहरा उतरला. बाहेर बघ्यांची गर्दी! शेवटी एक पातेलं कानाला लावून अव्या ओरडला, ‘‘मन्या, हेच!’’

दुकानदार प्रामाणिक माणूस. म्हणाला, ‘‘भैया, इसमें क्रैक है. पानी टपकेगा.’’

‘‘पता है. इसीलिए तो इतना अच्छा झनझना रहा है.’’

‘‘अबे, बहिणीला द्यायचं आहे!’’ मी.

‘‘मंग तिच्यासाठी दुसरं घे ना. मी काहून नाही म्हणू?’’

क्रॅकवालं पातेलं काखेत मारून तो निघालासुद्धा. दुकानदारानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘भैया जी, इनका इलाज कहीं चल रहा है क्या?’’

* * *

हा किस्सा त्याच्या प्लांटमधल्या साहेबांनी सांगितला, तोही दात-ओठ खात.

मशीनच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला फिटर लोक स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावतात आणि मूठ कानाला. दोन मिनिटांचं काम. अव्या अर्धा अर्धा तास उभा! साहेब ओरडायचे, ‘‘अविनाश, मशीन चेक कर रहे हो या भजन सुन रहे हो?’’

एका सोमवारी त्यानं साहेबांना सांगितलं, ‘‘सर, तीन नंबरच्या फॅनचं बेअरिंग बदलून टाका. गुरुवारपर्यंत जाईल.’’ बाकीचे सगळे म्हणाले, आवाज तर आधीपेक्षा चांगला आहे. साहेबांनी ऐकलं नाही.

गुरुवारी दुपारी फॅन बसला. अख्खी लाईन बंद!

साहेब धावत आले. ‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘सर, दहा वर्षं ते बेसुरं वाजत होतं, काही झालं नाही. सोमवारी सुरात आलं. तेव्हाच समजलो, आता हे गेलं.’’

* * *

गणपतीत आमच्या मंडळानं एकदा त्याला पंधरा मिनिटं दिली. शिफारस माझी. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. पहिल्या रांगेत सुनंदावहिनी, त्याची बायको, नवी साडी नेसून बसलेली.

अव्यानं फॅनला माईक बांधला, वायरी जोडल्या, डोळे मिटले. आणि सुरू झालं. घूंऽऽऽ! पाच मिनिटं घूं. दहा मिनिटं घूं. म्हाताऱ्यांनी कानातली मशीनं काढली. वहिनी खाली पाहून पदराचा काठ मोजत होती.

माझा इलेक्ट्रिशियन दुकालू तेव्हा चहाला गेला होता. परत आला, घूं ऐकलं आणि लाईनमधे बिघाड झाला समजून बिचारा घाबरलाच. ‘‘अर्थिंग नइ हे भैया!’’ म्हणत स्टेजवर धावला आणि मेन वायर उपटली.

एकदम शांतता.

आणि टाळ्या! अशा टाळ्या मंडळात कधी पडल्या नव्हत्या. अध्यक्ष एवढे भारावले, की त्यांनी शाल दुकालूच्याच खांद्यावर घातली. नारळही त्याच्याच हातात.

मी शरमेनं अर्धा झालो. घरी जाताना म्हणालो, ‘‘अव्या, माफ कर यार.’’

‘‘काहून? शेवट त्यानंच केला ना,’’ अव्या म्हणाला. ‘‘मी दोन महिने शेवट शोधून राहिलो होतो. मले सुचतच नव्हता.’’

* * *

इंटरनेटवर अव्याचं ऐकणारे लोक आहेत, हे मला माहीत नव्हतं. एक दिवस बंगलोरची एक मुलगी चक्क त्याला भेटायला आली. त्यानं मला बोलावलं. मी घरात शिरत म्हणालो, ‘‘अव्या, चहा तरी विचारला का तिले?’’

मुलगी ताडकन उभी राहिली. ‘‘सर! ये आप हैं?’’

तिनं फोन काढून काहीतरी लावलं. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, मधे खरखर. ही तर तेलीबांध्याच्या माझ्याच फ्लॅटची बाल्कनी! सात मिनिटांनी माझा आवाज आला, ‘‘अव्या, तीन तास झाले बे! बायको मले घरातून काढून राहिली! आवर आता!’’

‘‘सर, पूरे ट्रैक में हम लोग इसी का वेट करते हैं,’’ मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. देवाशपथ!

ती गेल्यावर मी अव्याची कॉलर धरली. ‘‘मला न विचारता टाकलं?’’

‘‘विचारलं असतं, तर तू नीट बोलला असता ना बे.’’

* * *

शेवटी अव्याच्या फुफ्फुसांनी दगा दिला. हॉस्पिटलात ठेवलं. एका दुपारी वहिनीला चार घास खायला घरी पाठवलं आणि मी स्टुलावर बसलो. शाळेपासून कधी बोललो नाही असं काहीबाही बोलायचं ठरवून आलो होतो. स्कूटरवर येताना वाक्यंही जुळवली होती.

‘‘अव्या, ऐक ना...’’

‘‘श्श!’’ मास्कच्या आतून. त्यानं बोटानं आधी स्वतःच्या मशीनकडे दाखवलं, मग शेजारच्या पेशंटच्या मशीनकडे. दोन्ही बीप बीप करत होती.

‘‘दोन्ही येगळ्या चालीनं चालून राहिले,’’ तो थांबत थांबत म्हणाला. ‘‘सकाळपासून. पण मधातच एकदा जुळतात. दोन्ही मिळून एकच बीप. ऐक.’’

इथंसुद्धा! मला राग आला, आणि जुळलेलं तर काहीच ऐकू येईना. मी नुसता त्याच्या हाताला लावलेल्या सुईकडे पाहत बसलो.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, ‘‘ऐकलं?’’

‘‘हो रे,’’ मी म्हणालो. ‘‘मस्त!’’

त्यानं एक डोळा उघडला. मास्क बाजूला सरकवला.

‘‘झूट बोलतो बे! अजून जुळले कुठं? टाइम आहे. चूप बस.’’

मी चूप बसलो.