आमचा रविवार गुरुवारी येतो

पिंपरी-चिंचवडला राहायला आलं की एक गोष्ट आधी शिकावी लागते. इथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी अख्खं जग लोळत पडलेलं असलं तरी आमचे हे सकाळी सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बससाठी कोपऱ्यावर उभे. मी नगरकडच्या खेड्यातली. माझ्या माहेरी रविवारची उपासना बुडवायची तर निदान ताप तरी हवा, आणि तोही अंगाला हात लावून बघितल्यावर कळेल एवढा. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी इस्त्रीची साडी नेसून, गीतांचं पुस्तक घेऊन दारात उभी, आणि हे बसून कंपनीचे ते जड बूट चढवतायत. मी म्हटलं, "हे घालून चर्चला?" तर म्हणाले, "कंपनीत." एवढंच. त्या दिवशी मी एकटी गेले आणि पुढे किती वर्षं एकटीच जात राहिले.

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी माणसांशी भांडते तशी देवाशीही भांडते. भाजी निवडताना, भांडी घासताना माझं त्याच्याशी बोलणं चालूच असतं. ह्यांचं उलटं. लग्नाआधी म्हणे गावच्या चर्चमध्ये तरुणांच्या सभेला हेच पहिली प्रार्थना करायचे. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, की तो उभा राहिला की म्हातारी माणसं डोळे पुसायची. आणि मी बघते तर जेवायला बसल्यावरसुद्धा प्रार्थना मी करायची, हे नुसते डोळे मिटून बसणार. आमेनसुद्धा ओठातल्या ओठात.

एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, "अगं, जो माणूस महिनोन् महिने कामावर फिरकत नाही, त्याने साहेबापुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं?" मी म्हटलं, "अहो, तो साहेब नाही, बाप आहे." तर म्हणाले, "बापापुढे तर जास्तच लाज वाटते." मी रागारागाने ताटं उचलून मोरीत आदळली. तेव्हापासून माझी देवाकडे एकच मागणी. घर नको, गाडी नको, पण या माणसाला एकदा तोंड उघडून तुझ्याशी बोलू दे.

मग आम्ही चिखलीकडे नव्या इमारतीत राहायला गेलो, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मनात बरेच दिवस होतं, की शिफ्टवाल्या कुटुंबांसाठी गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा घ्यावी. मी लगेच म्हटलं, आमच्याकडे घ्या. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. नंतर सांगितलं तर म्हणाले, "घे की. मी खुर्च्या लावतो." म्हणजे खुर्च्या लावणार, बोलणार नाही. पण मी मनात म्हटलं, देवाच्या समोर नाही तर नाही, निदान देवाच्या खोलीत तरी आले.

आता बिल्डिंगमध्ये आम्ही नवे. गाणी होणार, टाळ्या होणार, कुणी तक्रार करायला नको, म्हणून तळमजल्यावरच्या मावशींना आधी सांगून आले. या मावशी मूळच्या इथल्याच, त्यांच्या शेताच्या जागेवरच ही इमारत उभी राहिलेली, त्यामुळे बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. मी म्हटलं, "मावशी, येत्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना आहे. थोडा आवाज होईल, राग मानू नका." मावशी खूश झाल्या. म्हणाल्या, "राग कसला बाई, गुरुवार हाय, झालंच पायजे." मला वाटलं, किती समजूतदार बाई.

गुरुवारी मी सकाळपासून कामाला लागले. मोठा डबाभर शिरा केला. ह्यांनी सतरंजी अंथरली, खुर्च्या लावल्या, पंखा पुसला. पाच वाजून गेले तरी कुणाचा पत्ता नाही. मग फोन सुरू झाले. एका घराला ओव्हरटाइम लागला होता. दुसऱ्या घरातल्या बाईंना ताप. आणि शेवटी पाळकसाहेबांचा फोन. चाकणला कुणा आजाऱ्याला भेटायला गेले होते आणि तिथल्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. म्हणाले, "पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तुम्ही सुरू करा, मी येतो." चाकणच्या चौकातला माणूस 'येतो' म्हणतो त्याला काही अर्थ नसतो, हे इथलं पोरगंसुद्धा सांगेल. मी डबाभर शिऱ्याकडे बघत उभी राहिले आणि देवाला म्हटलं, छान केलंस.

एवढ्यात बेल वाजली. दार उघडते तर मावशी. हातात ताट, ताटात नारळ, हार, खडीसाखर, उदबत्तीचा पुडा. मागे बिल्डिंगमधल्या आठ-दहा बाया, सगळ्या नीट साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन. दोघीतिघींचे नवरेसुद्धा, कारण गुरुवार, सुट्टी, घरीच होते. लिफ्ट बंद होती म्हणून मावशींना धाप लागलेली. आत आल्या, चारी भिंती बघितल्या आणि विचारलं, "फोटू कुठं मांडलाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं आडनाव इतरांसारखंच मराठी, ते ऐकून कुणाला काही कळत नाही. गळ्यात मंगळसूत्र आहेच. आणि गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना म्हटल्यावर मावशींनी आणखी काय समजायचं? दत्ताची आरती नाही तर स्वामींची. त्यांनी सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं होतं.  खरं सांगावं तर आत्ता उठून जातील, आणि उद्यापासून जिन्यात कुणी बोलणार नाही, याचीच धास्ती.

पुढे झाले ते आमचे हे. अगदी शांतपणे म्हणाले, "मावशी, आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात फोटो मांडत नाहीत. येशूची प्रार्थना आहे. बसलात तर आम्हाला आनंद आहे, जायचं असेल तर निदान शिरा खाऊन जा." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींनी क्षणभर विचार केला आणि सरळ सतरंजीवर फतकल मारली. म्हणाल्या, "आता तीन मजले चढून आलेय, गुडगं बोलायलेत. देवाचं नाव घ्यायला आले व्हते, घेऊनच जानार. बसा गं समद्या." मावशी बसल्या म्हटल्यावर सगळ्या बसल्या.

मी आमच्या चर्चमधलं एक भजन सुरू केलं. चाल आपल्याकडचीच, गावाकडे ऐकू येते तशी. दुसऱ्या ओळीला टाळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या ओळीला ध्रुपद उचललं गेलं. इतक्या मोठ्या आवाजात तर आमच्या चर्चमध्येही गात नाहीत. भजन संपलं, आता प्रार्थना. माझी काय, तयारी होतीच. मी हात जोडले, डोळे मिटले, तोंड उघडलं, तोच मावशी म्हणाल्या, "तू थांब गं बाई. पूजेला घरधनी बसतो. त्यास्नी करू द्या."

मी डोळे उघडले. मावशींना सांगायला हवं होतं, की आमच्यात तसं काही नसतं, बाईही प्रार्थना करते, कुणीही करतं. जिभेवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.  सगळी खोली ह्यांच्याकडे बघत होती आणि हे सतरंजीच्या कडेला, हात कुठे ठेवावे ते न कळून उभे. मी मनात म्हणत होते, देवा, आता रे, आता.

 मग ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "देवबापा, ही माणसं आली आहेत. आम्ही बोलावली नव्हती. तूच बोलावलेली दिसतात." कुणीतरी खुदकन हसलं. हेही हसले, डोळे मिटूनच. मग म्हणाले, "मला बोलायची सवय राहिली नाही. तू समजून घे." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

मध्येच मावशी अगदी सहज, शेजाऱ्याकडे निरोप द्यावा तशा म्हणाल्या, "माज्या लेकीचं बी सांगा. दोनदा राहिलं आनि पडलं. आता तिसऱ्यांदी दिवस गेल्यात. डॉक्टरनी निजून ऱ्हायला सांगितलंय. जीव टांगनीला हाय आमचा." ह्यांनी मान हलवली आणि त्या लेकीसाठी प्रार्थना केली. साधी, दोन-तीन वाक्यांची. आमेन म्हणायचं असतं ते बायांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. नारळ ह्यांनीच स्वयंपाकघरात नेऊन फोडला, शिऱ्याबरोबर सगळ्यांनी खोबरं खाल्लं. पाळकसाहेब पोचले तेव्हा डब्याच्या तळाशी चमचाभर शिरा राहिला होता. तो त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

मला वाटलं, झालं, माझं मागणं पुरं झालं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मी मुद्दाम गप्प राहिले. ह्यांनी डोळे मिटले, वाट बघितली, आणि म्हणाले, "कर ना प्रार्थना, आमटी गार होतेय." पुढच्या गुरुवारी पाळकसाहेब वेळेवर आले, गेल्या वेळी न आलेली दोन्ही घरं आली, मावशीही आल्या. हे आपले मागे बसलेले, गप्प. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी देवाला म्हटलं, असं रे कसं, एकदाच म्हटलं होतं म्हणून एकदाच दिलंस? विश्वास ठेवायचा म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ज्याच्यासाठी मागायचं तो माणूस रोज समोर बसून आमटी भुरकतो, तेव्हा ठेवणं किती कठीण जातं, ते कुणी सांगितलं नव्हतं. तरी मागत राहिले. सवयच म्हणा.

असे कितीतरी गुरुवार गेले. मग एका संध्याकाळी, हे नुकतेच कंपनीतून आले होते, बूटही काढले नव्हते, तोच मावशी वर आल्या. या वेळी लिफ्ट चालू होती, पण त्या जिन्यानेच आल्या होत्या, एवढा आनंद. हातात बर्फीचा खोका. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. मी त्यांना मिठीच मारली. दोघी रडलो, दोघी हसलो. मावशींनी ह्यांच्या हातावर बर्फी ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी तुमी देवाला सांगितलं व्हतं. आता झालं म्हनून बी सांगा."

हे म्हणाले, "सांगतो मावशी. रोज बोलणं होतंच होतं तिच्याबद्दल. सकाळी बसमध्ये बसलो की आधी तिचंच काढायचो."

मावशी गेल्या. मी बर्फीचा खोका हातात धरून तशीच उभी. मग मी म्हटलं, "रोज? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

हे खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. म्हणाले, "अगं, तुझ्याशी कुठे बोलत होतो."