ब्रेकला लावलेली हळद

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुठे एखादी गाडी कर्कश ब्रेक मारून थांबली, की मला यवतमाळ जिल्ह्यातला एक साधा जुगाराचा छापा आठवतो आणि हसू येतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच मंडळी गावात अजून मान राखून आहेत, आणि एक जण तर दर पोळ्याला मला फोन करतो.

मी तेव्हा दारव्ह्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजले, म्हणून लोहारा गावातल्या एका गॅरेजात नवे टाकून आणले. त्या दिवसापासून ब्रेकवर पाय पडला की गाडी अशी किंचाळायची की बाजारातले लोक दचकून बाजूला व्हायचे. आमचा चालक शिपाई शांत, कामाला चोख माणूस. तो म्हणाला, "साहेब, पॅड बसवताना त्यानं डिस्क साफ नाई केली. पॅडच्या पाठीले ग्रीस बी नाई लावलं. एकदा खोलून पाहा लागते."

पण गाडी एकच. ती गॅरेजात उभी केली तर बंदोबस्ताला जायचं कशाने? नवे पॅड काही दिवस आवाज करतातच, घासून घासून बसेल, असं म्हणून मी विषय मिटवला. आवाज बसला नाही. उलट त्याला धार आली.

त्याच सुमारास एका गावात गोठ्यात एक्का-बादशहाचा डाव बसतो, अशी खबर येऊ लागली. खबर पक्की असायची आणि छापा हमखास फसायचा. आम्ही पोहोचावं तर गोठ्यात चटई अंथरलेली, चहा अजून गरम आणि माणूस एकही नाही. एकदा मात्र एक म्हातारा सापडला. तो पोथी वाचत होता. पोथी उलटी धरली होती.

उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "ठाण्यातूनच कोणी फितूर आहे. पोळ्यापर्यंत नाव द्या."

नाव तयारच होतं, हीच अडचण होती. प्रत्येक छाप्याची जागा आधी कळायची ती चालकाला. त्याची सासुरवाडी त्याच गावची. त्याच्या मोबाईलचा तपशील काढला, तर रोज सासऱ्याला फोन. मी त्याला समोर बसवलं.

"रोज काय बोलतोस सासऱ्याशी?"

"बैलाच्या झुलीचं साहेब. त्यायले यवतमायची झूल पाह्यजे. लाल सांगतली का हिरवी आठवते, हिरवी सांगतली का लाल."

"आणि छाप्याचं?"

तो एकदम उभा राहिला. "साहेब, वर्दीची आन. मले सस्पेंड करा, पन फितूर नोका म्हनू. त्याच गावात माही बायको माहेराले जाते. तिनं कोन्या तोंडानं जाव?" एवढं बोलून तो बाहेर जाऊन गाडी पुसत बसला.

चौकशीत खोटं बोलणारा माणूस साधारणपणे जास्त बोलतो, तपशील पुरवतो, हा माझा अनुभव. हा माणूस झुलीच्या रंगापलीकडे काही सांगू शकत नव्हता. माझं मन त्याच्या बाजूने झुकलं. पण मन झुकलं, असं अहवालात लिहिता येत नाही.

तिढा सोडवला एका आजीबाईंनी. पोळा दोन दिवसांवर आला असताना त्या तणतणत ठाण्यात आल्या. त्यांची तक्रार आमच्याविरुद्धच होती.

"तुमची गाडी माह्या वांग्याचा सत्यानाश करून राह्यली."

"आजी, आमची गाडी तुमच्या वाडीत कधी आली?"

"ते कायले येते? ते तिकडं उतारावर वरडते ना! ते वरडली का गोठ्यातले समदे जुगारी मांगच्या दारानं निंगतेत अन् माह्या वांग्यातून पयतेत. एक तं येऊ नोका, नाई तं मुकाट्यानं या!"

ठाणे अंमलदाराने लेखणी खाली ठेवली. आजीबाईंना चहा दिला, तेव्हा त्यांनी आणखी एक माहिती फुकटात दिली: पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी वर्षातला सगळ्यात मोठा डाव असतो.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहवालात काय लिहू? ब्रेकने फितुरी केली? पुरावा आणा. नाहीतर चालकाचं निलंबन मी काढतो."

म्हणजे हा छापा यशस्वी व्हायलाच हवा होता. गॅरेजवाला पोळ्यासाठी गावी गेलेला. पायी जावं, तर नाल्यावर बैल धुणाऱ्यांची गर्दी. खाकी दिसताच निरोप आमच्या आधी पोहोचला असता. शेवटी चालकानेच उपाय काढला. "पहिल्या गेरमंदी उतार उतरतो साहेब. ब्रेकले हातच, म्हंजे पायच नाई लावत. गोठ्यासमोर गेल्यावर मारतो एकदाच. मंग वरडू द्या किती वरडते ते."

ठरल्याप्रमाणे निघालो. उताराच्या अलीकडे पळसाच्या झाडाखाली हँडब्रेकवर गाडी थांबवली. चालक आणि मी बांधावर चढून रस्ता पाहायला गेलो. गाडीपाशी दोन पंच आणि आमचे जमादार राहिले.

जमादार म्हणजे अर्धा पोलीस आणि अर्धा शेतकरी. तो दिवस बैलांचे खांदे शेकण्याचा. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला त्या दिवशी हळद आणि लोणी चोळतात आणि बैलाला 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. जमादारांचं शेत त्याच रस्त्यावर, म्हणून हळद-लोण्याचा डबा त्यांच्या पिशवीत होता. चालकाचं ग्रीसबद्दलचं बोलणं त्यांनी अर्धवट ऐकलेलं. चालकावर त्यांचा जीव, आणि गाडी तर त्यांच्या मते दुखतं म्हणूनच ओरडत होती. आम्ही परतलो, तेव्हा ते हात पुसत होते. पंच तोंड दाबून हसत होते. मला वाटलं, जमादारांनी एखादा विनोद सांगितला असेल.

गाडी उताराला लागली. नाला ओलांडला, वळण घेतलं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. गोठा समोर आला आणि चालकाने ब्रेक दाबला.

आवाज आला नाही. गाडीही थांबली नाही.

"साहेब, लागून नाई राह्यला!" चालक ओरडला. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी तिरकी झाली, गोठ्याला वळसा घालून संथपणे त्याच्या मागच्या बाजूला गेली आणि तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात नाकापर्यंत घुसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. फक्त गोठ्याचं मागचं दार, जिथून मंडळी दर वेळी पसार होत, ते आता आमच्या गाडीने आणि कुटाराने गच्च बंद झालं होतं. मी पुढच्या दारातून आत गेलो, तेव्हा डाव हातात धरून सगळे जागच्या जागी बसलेले. डोक्यावर कुटार घेतलेला ठाणेदार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

त्यांच्यातला फेटेवाला चांगलाच रागावला. "हे कोनती पद्धत झाली साहेब? रोज गाडी वरडते, आज काहून नाई वरडली?"

दोन्ही पंचांसमोर हे वाक्य उच्चारलं गेलं. ते मी शब्दशः पंचनाम्यात घेतलं. एवढ्यात मागून चालक आला आणि दारातच थिजला.

"मामाजी?"

फेटेवाला त्याचा सासरा होता. घरी पळसाची पानं आणायला जातो म्हणून निघाला होता. पानं शेजारीच ठेवलेली, हातात मात्र बदामाचा एक्का.

साहेबांना रात्रीच पंचनामा वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "स्वतःच्या सासऱ्याला पकडणारा माणूस फितूर असूच शकत नाही. मिटवा." गॅरेज उघडल्यावर लोण्याने बाद झालेले पॅड टाकून दिले, डिस्क साफ करून नवे बसवले, ग्रीस फक्त पाठीला, तेही चालकाच्या देखरेखीखाली. गाडी परत कधी ओरडली नाही. ब्रेकला हळद-लोणी चोळणाऱ्या जमादारांना मी कारणे दाखवा नोटीस द्यायला हवी होती. पण कारण काय दाखवणार होते ते मला माहीत होतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. काही चुकलं की आपण आधी माणसावर संशय घेतो आणि जे कानाजवळ ओरडत असतं त्याची सवय करून घेतो. पुढे प्रत्येक तपासात मी माणसाकडे बोट दाखवण्याआधी जीप, कुलूप, दिवा, जे काही मुकं म्हणून सोडलेलं असेल ते तपासून घेत असे.

पण मला जास्त आठवते ती छाप्याच्या दिवशीची संध्याकाळ. जामीन झाल्यावर मंडळी ठाण्याबाहेर पडत होती. चालक मान खाली घालून गाडीपाशी उभा होता. उद्या सासुरवाडीला जायचं की नाही, हे विचारायचीही त्याची हिंमत नव्हती. सासरा त्याच्यासमोर येऊन थांबला. त्याने वाकून चाकाला बोट लावलं, हळद पाहिली, वास घेतला. जमादार उगाचच आभाळाकडे पाहू लागले.

सासऱ्याने ते पिवळं बोट जावयाच्या खांद्याला पुसलं आणि म्हणाला, "जवाईबापू, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् येताना झूल आना. लाल."