भर बारा वाजता विहिरीवर

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. साखऱ्याला माझं सासर. नवरा मारायचा, सासू दार लोटून घ्यायची. मी रोज नरसीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडायची. मग तेही सोडलं. देव बहिरा आहे, असं मला वाटू लागलं होतं.

पाण्याला मी भर बारा वाजता जायची. त्या वेळी आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, विहिरीवर फिरतात म्हणून गावातली बाई तिकडं फिरकत नसे. मला तेच हवं होतं. अंगावरचे वळ कुणाला दाखवायचे? आणि भीतीच म्हणाल तर आसरांपेक्षा घरच्या माणसाची जास्त वाटायची.

एका दुपारी परत न येण्याचं ठरवूनच गेले. काठाशी उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, येवढी घागर उचलून दे वं."

भरली घागर एकटीला डोक्यावर घेता येत नाही, आणि हात मागणाऱ्या बाईला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मी वळले. तिचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. घागर देताना तिचं मनगट दिसलं. फुटक्या बांगडीची ताजी जखम, माझ्या मनगटावर होती बरोबर तिथेच.

"उद्या कोन उचलून देईल मला?" एवढं बोलून ती पडीक रानाकडे गेली. तिकडं एकही घर नव्हतं. धुळीत तिचं पाऊल उमटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्याही. मला भीती वाटायची, तरी सकाळपासून मी बारा वाजायची वाट बघायची. त्या ओढीनं शेण काढून व्हायचं, भाकरी थापून व्हायच्या, मलाही चार घास जायचे. महिनाभरात माझी जखम सुकली. तिचीही.

मग एकदा तिनं विचारलं, "भावाला सांगितलं का?"

"न्हाई. लाज वाटती."

"मारनाऱ्याला वाटती का?"

त्याच दिवशी शेजारणीकडून सेनगावला भावाकडे निरोप धाडला. दोन दिवसांनी तो एसटीनं आला आणि मला घेऊन गेला. निघण्याआधी मी विहिरीवर जाऊन आले. ती आली नाही. शेजारीण म्हणाली, अशी बाई गावात कुणी नाही.

ती कोण होती, हे मी शोधलं नाही. देवानं हात द्यावा म्हणून मी वर्षभर रडले, आणि त्यानं माझेच हात मागून घेतले. त्याचे उपकार मानते. आता रोज सकाळी एवढंच म्हणते, आज कुणाचं ओझं उचलू ते तूच सांग.